टाळ्या आणि खुर्ची

दिवाळीत पाहुणे जमले आणि चिवड्याच्या ताटल्या फिरू लागल्या, की आमच्या ओटीवर दोनच विषय निघतात. एक राजकारण आणि दुसरा नटनट्या. पहिल्या विषयावर आवाज चढू लागले, की सौभाग्यवती आतून लाडू आणतात आणि शहाणी मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात. नटनट्यांच्या बातमीला राजकारणाचा विटाळ नसतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. माझीही होती. ती ढासळली एका जुन्या अमेरिकन चित्रपटामुळे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. अमेरिका मी नकाशात दाखवलेली आहे, पाहिलेली नाही. तेव्हा वाचकांनी या चार शब्दांना मास्तरकीच समजावे.

चित्रपट ‘गॉन विथ द विंड’. मार्गारेट मिचेल या बाईंच्या १९३६ सालच्या कादंबरीवरून काढलेला आणि १९३९ च्या डिसेंबरात पडद्यावर आलेला. चित्रपट देखणा आहे, हे आधीच कबूल करतो. जळणारे शहर, लाल आभाळ, हट्टी आणि तितकीच जिद्दी नायिका. चार तास कसे जातात ते कळत नाही. पण चित्रपट संपल्यावर माझ्या मनात नायिका राहिली नाही. राहिली तिची काळी दाई. हे काम हॅटी मॅक्डॅनियल हिने केले आहे. नायिकेच्या चोळीच्या नाड्या आवळताना ती जे दोन शब्द सुनावते, ते घरच्या वडीलधाऱ्या बाईचे आहेत. आणि शेवटाकडे घरातील लहान मुलगी गेल्यानंतर जिना चढता चढता ती जे घडले ते रडत सांगते, तेव्हा साऱ्या घराचे दुःख त्या एका बाईच्या पदरात मावलेले दिसते.

आता कथेकडे पाहा. या बाईला नाव नाही. सगळे तिला ‘मॅमी’ म्हणतात. तिला नवरा, लेकरू, गाव आहे की नाही, कोणी विचारत नाही. यादवी युद्ध संपते, १८६५ साली गुलामगिरी कायद्याने जाते, तरी ती त्याच घरात त्याच मायेने राबत राहते. का, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. गुलामांना मालकाचा लळा होता, हे गोड असत्य हा चित्रपट इतक्या सुंदर रंगांत सांगतो, की ते असत्य आहे याची आठवण राहत नाही. माझा आक्षेप या सौंदर्यावर नाही, त्याच्या कामगिरीवर आहे.

पडद्याबाहेर काय झाले? अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तिथे गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा होता. हॅटी त्या सोहळ्याला जाऊ शकली नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. खास परवानगीने ती आत आली होती आणि इतर नटनट्यांपासून दूर, भिंतीजवळच्या टेबलाशी तिला बसवले होते. टाळ्या सर्वांच्या, खुर्ची मात्र वेगळी!

तिच्यावर तिच्याच लोकांचा रोष होता. सदा मोलकरणीच्याच भूमिका का करतेस, असे ते विचारीत. प्रश्न रास्त होता. पण दुसरी भूमिका तिला देणार कोण होते? आणि तिला वाकवता येत नसे. गोऱ्या शेजाऱ्यांनी काळ्यांना घरातून काढण्यासाठी दावा लावला, तेव्हा ती आणि तिचे शेजारी कोर्टात लढले आणि १९४५ साली जिंकले. १९५२ साली ती वारली. हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत विसावण्याची तिची इच्छा होती, तिथे रंगामुळे तिला जागा मिळाली नाही. तिथे तिचे स्मारक झाले १९९९ साली. हॉवर्ड विद्यापीठाला तिने दिलेले पारितोषिकही पुढे हरवले. त्याची नवी प्रत २०२३ साली विद्यापीठाला देण्यात आली.

२०२० साली जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला आणि अमेरिका पेटली. त्या वेळी एका चित्रवाहिनीने हा चित्रपट काही दिवस काढून घेतला आणि मग आरंभी एका अभ्यासक बाईंचे विवेचन जोडून परत दाखवला. हा दुसरा मार्गच मला पटतो. चित्रपट कुलपात ठेवला, तर खोटे झाकले जाईल आणि त्याबरोबर हॅटीही झाकली जाईल.

हे सारे अमेरिकेचे म्हणून आपण मिशीवर पीळ देण्याचे कारण नाही. चर्मकार समाजातील बाळू पालवणकर हे आपले थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्या संघातील मंडळी पॅव्हेलियनमध्ये चहा घेत, तेव्हा त्यांना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. टाळ्या इथेही होत्याच.

आणि मी? काही वर्षांपूर्वी शाळेच्या संमेलनासाठी मी एक नाटुकले बसवले. राणी आणि तिची दासी. वर्गात एक मुलगी होती. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, रंगाने काळी. पहिल्याच दिवशी, विचारदेखील न करता, मी तिला दासी केले. राणी झाली एक गोरीपान मुलगी. तिला दर वाक्याला पडद्याआडून सांगावे लागे. टाळ्या दासीने घेतल्या, बक्षीसही तिलाच मिळाले. मी तिची पाठ थोपटून म्हटले, “शाबास पोरी, दासी झकास वठवलीस!”

ती खाली पाहत म्हणाली, “सर, मला राणीचंपण सगळं पाठ होतं.”

हॅटीचे टेबल कोणी भिंतीजवळ लावले असेल, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. ते कळले फार उशिरा, चित्रपट पाहिल्यावर. बक्षीस कोणाला मिळाले ते वर्तमानपत्र सांगते. काम कोणते दिले आणि खुर्ची कुठे मांडली, ते आपणच विचारावे लागते.

सुट्टी संपली की यंदाच्या संमेलनाच्या तालमी सुरू होतील. या खेपेस साऱ्या मुलींकडून राणीची वाक्ये म्हणवून घेईन म्हणतो. आणि ऐकताना डोळे मिटून बसेन.