ड्रॅगन शिजवायचा कसा?

ड्रॅगन काढणे हे अद्भुतरम्य कॉमिक्समधले सर्वांत सोपे काम. बरा हात असलेला चित्रकार खवले, पंख आणि नाकातला धूर सहज जमवतो आणि मुखपृष्ठाची सोय होते. खरी कसोटी पुढे लागते. त्या ड्रॅगनच्या मागावर निघालेली माणसे दुपारी जेवतात काय? पावसात भिजलेले जोडे कुठे वाळवतात? तलवार धरणाऱ्या हाताला घट्टे पडलेत का? जपानी, अमेरिकी आणि अधूनमधून फ्रेंच अशी अद्भुत कॉमिक्स आणि ग्राफिक कादंबऱ्या वाचता वाचता माझी आवडनिवड असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांवर येऊन ठेपली आहे. ज्या पानावर रोजचे जगणे खरे उतरले आहे, त्याच पानावरचा चमत्कार मला पटतो. बाकी सगळी आतषबाजी, आणि ती सध्या फार झाली आहे.

रिओको कुई या जपानी लेखिका-चित्रकर्तीने 2014 ते 2023 या काळात ‘डिलिशस इन डंजन’ ही 14 खंडांची मालिका पूर्ण केली. कथासूत्र ऐकायला थिल्लर वाटते. एका अजस्र भुयारात लायोस नावाच्या योद्ध्याच्या बहिणीला लाल ड्रॅगन गिळतो. ती पचून जायच्या आत तिला सोडवायचे, पण शिधा घ्यायला जवळ दमडी नाही. मग वाटेत भेटतील ते राक्षसी प्राणी मारून खायचे असे ठरते. सोबतीला सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका बल्लव मिळतो, आणि प्रत्येक प्रकरणात एक प्राणी व त्याची पाककृती असा क्रम लागतो.

माझे आवडते प्रकरण चालत्या चिलखतांचे. आत माणूस नसताना तलवार फिरवणारी चिलखते अद्भुतकथांत पैशाला पासरी आहेत. जादू आहे म्हटले की लेखकाची जबाबदारी संपते. कुई तिथून सुरुवात करते. झुंजता झुंजता लायोसच्या लक्षात येते, की पत्र्यांच्या सांध्यांत काहीतरी जिवंत आहे. शिंपल्यातल्या जिवांसारखे मऊ प्राणी तिथे वसाहत करून राहतात, बाहेरचा पत्रा हे त्यांचे कवच, आणि सगळे मिळून स्नायूंसारखी ओढाताण करतात म्हणून चिलखत चालते. ज्याने कालवे फोडली आहेत, त्याला हे मांस पत्र्यापासून सोडवतानाची चित्रे बघून हसू येईल; मनगटाचा तो झटका चित्रकर्तीने नेमका पकडला आहे. सेन्शी त्यातले काही भाजतो, काही परततो, काहींचे सूप करतो. मार्सिल ही एल्फ जादूगारीण दरवेळी आधी नाक मुरडते आणि बहुतेकदा ताट चाटूनपुसून साफ करते. या थट्टामस्करीत कुई आपल्या जगाचा कायदा रुजवून टाकते: इथे प्रत्येक जीव दुसऱ्या कोणाचे तरी अन्न आहे. म्हणून पुढे ड्रॅगनचेच मांस वापरून बहिणीला पुन्हा उभे करतात आणि त्याचा हिशेब चुकवायची वेळ येते, तेव्हा ते संकट उपटसुंभ वाटत नाही. आपण हसत हसत त्याचीच पूर्वतयारी वाचत आलेलो असतो.

कामोमे शिराहामाची ‘विच हॅट अतेलिए’ 2016 पासून चालू आहे. तिच्या जगात जादू मंत्राने होत नाही, ती काढावी लागते. विशिष्ट शाई, विशिष्ट खुणा आणि शेवटी वर्तुळ पुरे केले की परिणाम. म्हणजे जादू कोणालाही येऊ शकते, आणि नेमके हेच जादूगारांनी जगापासून दडवून ठेवले आहे. शिंप्याच्या दुकानात आईच्या हाताखाली वाढलेली कोको ते चोरून बघते, स्वतः काढून बघते आणि आईच दगड होऊन बसते. रेषा थरथरली तर जादू बिघडते, ही कल्पना चित्रकाराखेरीज कोणाला सुचणे कठीण. शिराहामाचे टाकाचे काम इतके देखणे आहे की कधी कधी कथा त्याच्याकडे बघत उभी राहते. गोडवाही अंमळ जास्त. तरीही चुकलेली, पुसलेली, पुन्हा काढलेली रेषा ज्या पानांवर येते, ती पाने मी परत परत काढून बघते.

हायाओ मियाझाकींचे नाव आपल्याकडे चित्रपटांमुळे माहीत आहे. त्यांची ‘नाउसिका’ ही चित्रकथा 1982 ते 1994 अशी रखडत, थांबत, पुन्हा सुरू होत सात खंडांत पुरी झाली. 1984 चा चित्रपट तिच्या सुरुवातीच्या भागावरच बेतलेला आहे. विषारी बुरशीचे जंगल जग गिळत चालले आहे, आणि नायिका राजकन्या असूनही वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीसारखी वागते. तिच्या तळघरात बीजाणू रुजवलेले आहेत. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ माती मिळाली की हीच झाडे विष टाकत नाहीत, हे तिने स्वतः वाढवून पाहिले आहे. सगळ्या महाकाव्याची किल्ली त्या तळघरातल्या कुंड्यांत आहे. पाने मात्र खच्चून भरलेली, चौकटी लहान, बारीक रेघोट्यांनी काळवंडलेल्या. सलग वाचायला घेतली तर डोळे थकतात. चित्रपटाच्या शेवटी ज्यांना दिलासा मिळाला असेल, त्यांनी सातवा खंड मन घट्ट करून उघडावा. तिथे मियाझाकी कोणालाच सोडत नाहीत, नायिकेलाही नाही.

अमेरिकेकडे वळले की माझा सूर जरा तक्रारीचा होतो. अपवाद जेफ स्मिथचा. ‘बोन’ 1991 ते 2004 या काळात 55 अंकांत निघाले, तेही काळ्या-पांढऱ्या रेषांत आणि बहुतांशी स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून. व्यवहाराची बाजू पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळली. नाकाचा गोळा आणि गुळगुळीत अंग एवढ्यावर भागलेले तीन चुलत बोन-बंधू एका दरीत येऊन पडतात. तिथे ड्रॅगन आहे, हद्दपार राजघराणे आहे, आणि शिकार कशी शिजवावी यावर वाद घालत बसणारे दोन मूर्ख उंदीरराक्षस आहेत. त्या दरीत हिवाळा हळूहळू येत नाही. एका चौकटीत कोरडी जमीन, पुढच्या चौकटीत ढिगाऱ्याने बर्फ, सगळे गडप. मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडले ते वाचक स्वतःच घडवतो, आणि म्हणून हसू फुटते. हे सिनेमाला जमणार नाही, कादंबरीला तर नाहीच. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात राजघराण्याचा पूर्वेतिहास सांगायला घेतल्यावर स्मिथची गाडी अडखळते, हेही सांगितले पाहिजे. 2005 पासून रंगीत आवृत्ती निघाली आणि शाळकरी मुलांनी तिच्यावर उड्या मारल्या. ते चांगलेच झाले. पण त्या बर्फाचा कोरा पांढरेपणा रंगीत पानावर उरत नाही.

नील गेमनलिखित ‘सँडमॅन’चे 75 अंक 1989 ते 1996 मध्ये आले. त्याचे कौतुक इतके झाले आहे, की माझी भर नको. शेक्सपिअरच्या नाटकावर बेतलेल्या 19 व्या अंकाला 1991 मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, तो एरवी गद्य कथेला मिळायचा. त्या अंकाची चित्रे चार्ल्स व्हेसची, आणि ती त्या मानाला साजेशी आहेत. सगळ्या मालिकेबद्दल तसे म्हणता येत नाही. चित्रकार बदलत राहिले, आणि कित्येक अंकांत चित्रे शब्दांच्या मागून हमालासारखी चालतात. माझ्या लेखी या मालिकेचा न गाजलेला नायक म्हणजे अक्षरलेखक टॉड क्लाइन. स्वप्नांच्या राजाचे बोलणे काळ्या, वेड्यावाकड्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांत. त्याची भ्रमिष्ट बहीण बोलते तेव्हा अक्षरे लहानमोठी होत डुलतात, फुग्याचे रंग पालटतात. कानाने ऐकायचा आवाज क्लाइनने डोळ्यांना ऐकवला.

ब्रायन व्हॉन आणि फिओना स्टेपल्स यांची ‘सागा’ 2012 मध्ये सुरू झाली, तेव्हा पंखवाली बाई, शिंगवाला बाप, मागे लागलेली दोन सैन्ये आणि कडेवर तान्हे मूल हे दृश्य बघून मी खूश झाले होते. लंगोट, दूध, रात्रीची जागरणे यांच्यासह चाललेले ग्रहांमधले युद्ध! मोठी झालेली मुलगी ही गोष्ट सांगते, आणि तिचे निवेदन स्टेपल्स स्वतःच्या हाताने चित्रावर लिहिते, चौकोनी पेट्यांत कोंबत नाही. 2018 मध्ये मालिका थांबली, जानेवारी 2022 मध्ये परत सुरू झाली, आणि अजून संपलेली नाही. मधल्या काळात मरणांचा वापर वाचकाला दचकवण्यापुरता होऊ लागल्याची शंका मला येते. मार्जरी लिऊ आणि साना ताकेदा यांच्या ‘मॉन्स्ट्रेस’ला 2017, 2018 आणि 2019 असे लागोपाठ तीनदा ह्यूगो पारितोषिक मिळाले. ताकेदाची कारागिरी अचाट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक चौकट सारख्याच नक्षीने मढवलेली असल्यामुळे महत्त्वाचे काय ते कळत नाही. राणीचा मुकुट आणि भाकरीचा तुकडा दोन्ही एकाच हौसेने काढले की भूक खोटी वाटते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, आणि थोडी दुखरी. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या पिढीला शंकर यांचा विक्रम आठवतो: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. त्या एका चित्रात चाल होती, ओझे होते. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ची कितीतरी पुस्तके राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी हातांनी काढली. मुळीकांनी पुढे हिंदीतल्या ‘नागराज’चेही सुरुवातीचे अंक काढले. हात कसलेले होते, पण संहिता त्यांना मोकळीक देत नव्हती. चित्रात राक्षस पडलेला दिसतोच आहे, आणि वर पट्टीत पुन्हा लिहिले आहे की राक्षस पडला. 2006 पासून ‘देवी’, ‘रामायण 3392 एडी’ अशा चकचकीत मालिका आल्या. तिथे पट्टी कमी झाली आणि स्नायू वाढले. देव व्यायामशाळेतून आल्यासारखे, आकाश सदैव जांभळे. महाकाव्यातली माणसे थकतात, झोपतात, खातात, हे जणू कोणाच्या गावीच नाही.

याला उत्तर मिळते ते गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांच्याकडे. ‘आदिपर्व’ (2012) मध्ये महाभारत सांगते गंगा, ‘सौप्तिक’ (2016) मध्ये अश्वत्थामा. रंग, कोळसा, चिकटचित्रे असे सगळे त्या वापरतात, आणि पानावर जागा मोकळी सोडण्याचे धाडस दाखवतात. चिंतन अधूनमधून चित्राच्या डोक्यावर बसते, पण या बाईंना सांगायचे काहीतरी आहे. मूळचा मुंबईकर राम व्ही आणि पोर्तुगीज चित्रकार फिलिपे आंद्राद यांची ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ (2021) तर मृत्युदेवतेलाच नोकरीवरून काढून टाकते, कारण अमरत्वाचा शोध लावणारे मूल जन्माला येणार असते. देवी एका मर्त्य मुलीच्या देहात मुंबईत उतरते. तिच्याशी बोलणारा एक कावळा आहे. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहिलेल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

मात्र आपल्याकडचे सर्वांत धीट पान मला अद्भुतकथेत सापडले नाही, ते चरित्रात सापडले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेले ‘भीमायन’ (2011) हे डॉ. आंबेडकरांचे चरित्र आहे. त्यात सरळ चौकटी नाहीत. गोंड भिंतीवरच्या नक्षीच्या पट्ट्या पान विभागतात. सौम्य बोलणारांचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, आणि अस्पृश्यता पाळणारांच्या फुग्याला विंचवाची नांगी. जग कसे चालते तो नियमच चित्रात उतरवायचा, हे कुईच्या चिलखतात दिसले तेच इथे, आणि किती अधिक जिवावरचे!

पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींनी एकेक चित्र उभे करून वीणा-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारत सांगितले. त्या पोथ्यांतले टपोऱ्या डोळ्यांचे राक्षस आजही कोणत्याही आयात कॉमिकला भारी पडतील. म्हणजे परंपरा आहे, कसलेले हात आहेत, गोष्टींना तोटा नाही. तरीही मोठ्या वाचकांसाठी मराठीत मुळातून लिहिलेली, काढलेली अद्भुत ग्राफिक कादंबरी माझ्या कपाटात एकही नाही. रंगीत छपाई परवडत नाही, हे कारण मला पटत नाही. ‘बोन’ काळ्या शाईत निघाले, ‘नाउसिका’ एका रंगात. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी एखाद्या तरुण चित्रकाराला सलग 16 पाने द्या, विषय त्याचा त्याला ठरवू द्या, आणि मानधन निदान कथालेखकाइतके द्या.