प्रेक्षकाचा कान आणि वगळलेली मार्गारेट

शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकातील खलपुरुषाचे आकर्षण समीक्षकांनी बहुधा त्याच्या स्वभावात शोधले आहे. त्याची बुद्धी, विनोद, निर्भयता. नीतिनाट्यांतील ‘व्हाइस’शी त्याचे नाते जोडले जाते, आणि ते तो स्वतःही सांगतो. परंतु हे आकर्षण गुणांपेक्षा एका रंगमंचीय अधिकारातून उपजते, असे मला वाटते. नाटक त्याच्या स्वगताने उघडते आणि क्लॅरेन्सविरुद्धचा कट प्रेक्षकाला सर्वांआधी कळतो. ज्याला कट ठाऊक आहे, तो तटस्थ राहू शकत नाही. अ‍ॅनच्या प्रियाराधनाच्या प्रवेशात म्हणूनच आपली उत्कंठा तिच्याविषयी नसते. डाव साधतो की फसतो, याविषयी असते.

मात्र या अधिकाराला संहितेतच एक वाटेकरी आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात सहाव्या हेन्रीची विधवा मार्गारेट मागे येऊन उभी राहते आणि रिचर्डच्या बोलण्यावर शेरे मारते. ते आपल्याला ऐकू येतात, रिचर्डला नाही. प्रेक्षकाच्या कानावरची त्याची मक्तेदारी येथे मोडते. ऐतिहासिक मार्गारेट १४८२ मध्ये फ्रान्समध्ये वारली. रिचर्ड राजा झाला १४८३ मध्ये. मृत स्त्रीला दरबारात आणून उभे करणे हे नाटककाराचे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. ती काही साध्वी नव्हे. यॉर्कचे रक्त तिच्याही हाताला आहे. तिच्यापाशी आहे ते स्मरण.

रूपांतरकारांनी नेमके हेच पात्र गाळले. कॉली सिबरच्या १७०० सालच्या, पुढे दीर्घकाळ चाललेल्या रूपांतरात मार्गारेट नाही. ऑलिव्हिएच्या १९५५ च्या चित्रपटात नाही. रिचर्ड लॉनक्रेनच्या १९९५ च्या चित्रपटात इयन मॅकेलनचा रिचर्ड १९३० च्या दशकातील हुकूमशहा होतो, तेथेही नाही. नाटक फार लांब आहे, ही सबब खरी. पण कॅमेऱ्याशी बोलण्याचा हक्क मग एकट्या रिचर्डकडे उरतो. फॅसिझमवर बोट ठेवू पाहणाऱ्या चित्रपटात हे विशेष खटकते: हुकूमशहाला आधी प्रेक्षक बहाल करायचा आणि मग त्याचा गणवेश दाखवायचा! मार्गारेटची काही वाक्ये तेथे डचेसच्या तोंडी येतात खरी, पण आईच्या मुखातून ती घरगुती संताप ठरतात.

मूळ नाटकाच्या चौथ्या अंकात एलिझाबेथ मार्गारेटकडे शाप देण्याची विद्या मागते, आणि त्याच प्रवेशात रिचर्ड तिच्या मुलीचा हात मागतो. मांडणी अ‍ॅनच्या प्रवेशाचीच. आपण जिंकलो असे समजून रिचर्ड तिला हिणवतो; पुढच्याच प्रवेशात कळते की मुलगी रिचमंडला द्यायचे ठरले आहे. या वेळी एलिझाबेथच्या मनातले त्याला कळलेले नसते, आणि त्याच्या बाजूने बसलेल्या प्रेक्षकालाही नाही.