भैरवीनंतरची घोषणा

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती: डोंबिवली, पनवेल, पुण्याची. आमच्या न्यू जर्सीत हे दिवस भारतातून येणाऱ्या कलाकारांच्या दौऱ्यांचे. त्यामुळे पार्सिपनीत असो की एडिसनमध्ये, अशा घटनेनंतरची मैफल कशी होते हे तुम्हाला ठाऊक असेल. आधी स्तब्धता, मग ख्याल, मध्यंतरात चहा-वडा, आणि शेवटी भैरवीला जोडून ‘वंदे मातरम्’. सगळे उभे. शेवटचा सूर विरायच्या आत मागच्या रांगेतून घोषणा.

माझी तक्रार गाण्याबद्दल नाही. ‘मैफिलीत देशभक्ती कशाला?’ हा प्रश्न मला पोकळ वाटतो, कारण आपल्या संगीताचा विसाव्या शतकातला इतिहासच त्याला उत्तर देतो. विष्णू दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ ला काकीनाड्यात खुद्द अध्यक्ष मौलाना मोहम्मद अलींनी हरकत घेतली, तरी त्यांनी गाणं पूर्ण केलं. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी पंडित ओंकारनाथ ठाकूर ते आकाशवाणीवर गायले. मास्टर कृष्णरावांनी झिंझोटीत चाल बांधली आणि ते राष्ट्रगीत व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली.

काकीनाड्याच्या त्या हरकतीबद्दल तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट दिसते. या तिघांसाठी ते गाणं म्हणजे काम होतं. राग निवडायचा, चाल घासायची, वेळ पडली तर विरोध पत्करायचा. आपल्या हॉलमध्ये मात्र तासभर एकेका स्वराला जपणारा गायक हे गाणं तीन मिनिटांत उरकतो आणि आपण टाळ्यांचा ठेका धरतो. इथे, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून दिलेल्या घोषणेची आपल्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

किंमत दुसऱ्याच कुणाला तरी पडते. साथीला बसलेला तबलजी किंवा सारंगीवाला मुसलमान असेल, तर घोषणेनंतर किती नजरा त्याच्याकडे वळतात हे एकदा बघा. तो किती जोरात म्हणतोय, हे तपासलं जातं. दोन तास ज्याच्या समेवर आपण ‘क्या बात है’ म्हणत होतो, त्याला अचानक परीक्षेला बसवतो. आणि पलुस्करांनी आपलं गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये काढलं ते लाहोरला, हेही अशा वेळी कुणाला आठवत नाही.

मला खरी अडचण वाटते ती वेगळीच. आपण शोक करायचं टाळतो. दोन मिनिटांची स्तब्धता आणि घोषणा यांच्यामध्ये दुःखाला बसायला जागाच उरत नाही. खरं तर रागसंगीताकडे ती जागा आहे. गांधीजींच्या हत्येनंतर आकाशवाणीने रविशंकरांकडे तबल्याविना शोकसंगीत मागितलं, तेव्हा त्यांनी ‘गांधी’ या नावातून ग, नि, ध हे स्वर घेतले आणि त्यातून मोहनकंस उभा राहिला. त्यात कुणाला धमकी नव्हती. गेलेल्या माणसाचं नाव तेवढं सुरांत ठेवलेलं होतं.

इथलंही एक उदाहरण आहे. ११ सप्टेंबरला जे घडलं ते पार्सिपनीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. २० सप्टेंबर २००१ ला न्यू यॉर्क फिलहार्मोनिकने ब्राह्म्सचं ‘जर्मन रेक्विएम’ वाजवलं. श्रोत्यांना टाळ्या वाजवू नका असं सांगितलं होतं. अमेरिकेच्या मृतांसाठी जर्मन संगीत, आणि शेवटी नुसती शांतता. त्या शांततेमुळे त्यांची देशभक्ती कमी ठरली असं मला तरी वाटत नाही.

पुढची मैफल तुमच्यापैकीच कुणीतरी ठरवेल. तेव्हा कलाकाराला आधी फोन करा आणि विचारा, ‘या गेलेल्यांसाठी तुम्हाला काय गावंसं वाटतं?’ उत्तर ‘वंदे मातरम्’ आलं, तर त्याला नीट वेळ द्या. जोगिया आलं, तर तेही चालू द्या. साथीदारांची नावं निवेदनात पूर्ण घ्या. आणि शेवटच्या सुरानंतर कुणी काही बोलू नये, एवढं माइकवरून आधीच सांगून ठेवा.