तीन म्हणजे तेहेतीस

वाहिनीचा क्रमांक हा तिचा पत्ता की तिचे नाव, हा प्रश्न अॅनालॉग काळात कुणाला पडला नसता. अमेरिकेत तीन क्रमांकाची वाहिनी म्हणजे ६० ते ६६ मेगाहर्ट्झचा पट्टा, चार म्हणजे ६६ ते ७२. एक क्रमांकाचा पट्टा १९४८ मध्ये दूरचित्रवाणीकडून काढून घेतला गेला, म्हणून तिथली मोजणी आजही दोनपासून सुरू होते. आकडा भूगोलासारखा होता. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

डिजिटल प्रक्षेपणाने ही गाठ सोडवली. १२ जून २००९ रोजी तिथल्या पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण संपले. तोवर अनेक केंद्रे वेगळ्याच पट्ट्यांवर गेली होती, पण आकडा जुनाच ठेवून. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनबीसी २८ व्या पट्ट्यावरून येई आणि पडद्यावर ४.१ म्हणून उमटे. चित्र-ध्वनीबरोबर एक छोटे कोष्टक पाठवले जाते, ‘मला ४.१ म्हणा’ असे त्यात सांगितलेले असते आणि संच ते निमूटपणे ऐकतो.

ही सोय म्हणून उत्तमच. पण पत्त्याचे नाव झाले की नावाची मालकी येते, आणि मालकी आली की तिच्यावरचा तंटाही. हा तंटा ज्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसतो ते न्यू जर्सीचे आहे. मला ते एखाद्या कायदेशीर प्रहसनासारखे वाटते.

ज्या राज्यात व्यावसायिक व्हीएचएफ केंद्र नाही तिथे कुणी आपले केंद्र हलवायला तयार असेल तर परवाना द्यावा, असा कायदा १९८२ मध्ये झाला. त्याचा लाभ घेऊन न्यूयॉर्कचे नऊ क्रमांकाचे केंद्र न्यू जर्सीतल्या सिकॉकसचे झाले. २००९ मध्ये ते प्रत्यक्षात ३८ व्या, म्हणजे यूएचएफ, पट्ट्यावर गेले. पडद्यावर मात्र नऊच राहिले. मग नेवाडातल्या ईली या छोट्या गावात तीन क्रमांकाचे केंद्र असलेल्या कंपनीने म्हटले, न्यू जर्सी पुन्हा रिकामे आहे, आम्ही येतो. संघराज्य दळणवळण आयोग नको म्हणत होता. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे इथे खरा पट्टा मोजला गेला, पडद्यावरचा नऊ नव्हे.

२०१४ मध्ये केंद्र आले, खऱ्याखुऱ्या तिसऱ्या पट्ट्यावर. पण एका बाजूला हार्टफर्डचे आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचे केंद्र स्वतःला ‘तीन’ म्हणवत होते. तुमचे ३.१ राहू द्या, आम्ही ३.१० घेतो, असे कंपनी म्हणाली. आयोगाने ते मानले नाही आणि तिला ३३ हा आकडा दिला. तेहेतीसच का? तर हार्टफर्डचे केंद्र ३३ व्या पट्ट्यावरून प्रक्षेपित होत होते. तिसऱ्यावर असलेला तेहेतीस आणि तेहेतिसाव्यावर असलेला तीन! यातला तांत्रिक नियम मला समजतो. जुन्या प्रेक्षकाची सवय जपणे हेही गैर नाही. परंतु सवय ही मालमत्ता ठरली की नव्याने येणाऱ्याला उरलेसुरले मिळणार. आयोगाने हे राखण सरळ मान्य करायला हवे होते. तांत्रिक तर्काच्या आडोशाने ते केले, हे मला खटकते.

वेल्समध्ये आकडा भाषेसाठी लढून मिळवला गेला. १९८० मध्ये ग्विन्फोर एव्हान्स यांनी प्राणांतिक उपोषणाचा इशारा दिल्यावर ब्रिटिश सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वेल्श भाषेची वाहिनी सुरू झाली. ‘एसफोरसी’ या तिच्या नावातच ‘चार’ आहे. डिजिटल संचांवर वेल्समध्ये चारच्या जागी तीच दिसते. इंग्रजीतल्या चॅनल फोरला, तिच्याही नावात चार असून, तिथल्या फ्रीव्ह्यूवर आठवर बसावे लागले.

आपल्याकडे असा लढा झाला नाही. आपल्याकडे विनियम झाला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमानुसार वाहिनीने आपला प्रकार घोषित करायचा, वितरकाने एका प्रकारच्या वाहिन्या सलग ठेवायच्या, वाहिनी एकाच जागी दाखवायची आणि दिलेला क्रमांक किमान वर्षभर बदलायचा नाही. यापूर्वीच्या अनागोंदीच्या मानाने हे मोठेच पाऊल. तरी क्रम पाहा: आधी प्रकार, मग त्या प्रकाराच्या पोटात भाषा. म्हणजे विनियमाच्या शब्दांप्रमाणे मराठी बातम्या बातम्यांत, मराठी चित्रपट चित्रपटांत, मराठी मालिका मनोरंजनात. भाषा हे घर नाही, प्रत्येक घरातली एक खोली आहे. व्यवहारात काही वितरक मराठीचा सलग गट करतात, तो मराठी प्रेक्षक रिमोटवर भाषेने चालतो म्हणून. ग्रंथालयात नाटक, कादंबरी, चरित्र असे वर्ग पडतात, पण मराठी दालन आधी वेगळे असते. हा साधा अनुभव विनियमाच्या मांडणीत उतरला नाही.

आणि प्रकार किती? नऊ. भक्ती, सर्वसाधारण मनोरंजन, माहितीरंजन, मुले, चित्रपट, संगीत, बातम्या, क्रीडा आणि शेवटी संकीर्ण. सकाळी शेतीचा सल्ला, दुपारी कवितावाचन आणि रात्री नाटक दाखवणारी मराठी वाहिनी उद्या कुणी काढलीच, तर तिला बहुधा तो नववा प्रकार घोषित करावा लागेल.