बहिणाबाईंचे समाधान

'बहिणाबाई चौधरी या समाधानी वृत्तीच्या कवयित्री होत,' हे वाक्य मी आजवर असंख्य उत्तरपत्रिकांत वाचले. वाक्य खोटे नाही. मात्र गरिबाने आहे त्यात सुख मानावे, हा जो बोध त्यातून काढला जातो, तो त्यांच्या कवितेत मला सापडत नाही.

१८८० मध्ये आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य. अक्षरओळख मुळीच नाही. १९५१ साली त्या निवर्तल्या. सोपानदेवादी आप्तांनी उतरून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. या कवितेतील चूल, जाते, शेत, सुगरणीचा खोपा हे फावल्या वेळी पाहिलेले देखावे नव्हेत.

खानदेशातीलच बालकवी (जन्म धरणगाव, १८९०) निसर्गापुढे हात बांधून उभे राहतात. तो आनंद ओसरला की औदासीन्य दाटते. बहिणाबाईंचे पाहणे हातातल्या कामात मुरलेले आहे. संसाराला तव्याची उपमा देताना त्या चटका आधी सांगतात, भाकर नंतर. हा क्रम रसिकांनी ध्यानात घ्यावा. त्यांचे समाधान चटका सोसून आलेले आहे, तो विसरून नव्हे.

लहानसहान गोष्टींत रमणारा माणूस अन्यायाकडे डोळेझाक करतो, असा आक्षेप घेतला जातो. पण खोप्याची वीण टिपणारी हीच नजर माणसाचा लोभही टिपते आणि तू माणूस कधी होणार, असा खडा सवाल त्याला करते. बारकाईने पाहण्याची सवय जडली की सुंदर तेवढेच दिसावे, अशी निवड करता येत नाही.

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर विद्यार्थ्यांना नेतो, तेव्हा त्यांचे लक्ष शाही किल्ल्याकडे जाते. १६३१ साली मुमताजमहल याच शहरात वारली, हे त्यांना पाठ असते. मी त्यांना पायऱ्यांवर धुणे आपटणाऱ्या बाईकडे पाहायला सांगतो. ही तापी पुढे जळगाव जिल्ह्यातूनच वाहते, आणि बहिणाबाईंच्या बोलीचे आमच्या घरांतील बोलीशी जवळचे नाते आहे. ती बोली मुलांना गावंढळ वाटू लागली, तर खोपा, जाते, चटका हे शब्द जातील. आणि शब्द गेले की त्या वस्तूंकडे पाहणेही सुटेल. समाधानाचा धडा त्यानंतर कितीही घोकला, तरी तो पोकळच राहील.