विजयदुर्गाची पाण्यांतील भिंत : एक परीक्षण

विजयदुर्गाजवळ समुद्राच्या तळाशीं एक बांधीव भिंत आहे व ती शत्रूचीं जहाजें फोडण्यासाठीं शिवछत्रपतींनीं घातली, असें अलीकडे निःशंकपणें सांगितलें जातें. या विधानांत भिंतीचें अस्तित्व व तिचें कर्तृत्व हे दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. ते निराळे करणें अवश्य आहे.

अस्तित्वाची साक्ष पाणबुड्यांची. दहा मीटर खोलीवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट होतो; तेथें श्वास कोंडून क्षणभर राहतां येईल, पण सावकाश मोजमाप घडणार नाहीं. १९४३ सालीं कूस्तो व गान्यां यांनीं दाबलेल्या हवेचें श्वसनयंत्र सिद्ध केलें, तेव्हां ही अडचण पुष्कळ दूर झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें द्वारकेप्रमाणें विजयदुर्गासहि पाहणी केली. तिच्या आधारें भिंत सुमारें १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच व ८ ते १० मीटर खोलीवर असल्याचें सांगतात.

आतां कर्तृत्व व हेतु. ही खोली पायथ्याची धरल्यास माथ्यावर ५ ते ७ मीटर पाणी उरतें. हलकें गलबत तेथून निर्धास्त जाईल. जड जहाज ओहोटीस कदाचित् अडेल. खोली माथ्याची असल्यास तेंहि अडणार नाहीं. म्हणून भरतीओहोटीची वेळ न सांगतां दिलेला आंकडा प्रमाण मानतां येत नाहीं. शिवाय फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसनचें आरमार ‘केंट’ या मोठ्या जहाजासह याच बंदरांत शिरलें, तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें जळालीं व किल्ला पडला. भिंत त्या वाटेच्या बाजूस होती असें म्हणावयाचें, तर ती वाट नकाशावर दाखविली पाहिजे.

आमच्या कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्यास सांपडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास सोनारानें घडविल्याचा लेख आहे. तेथें दगडच कर्ता सांगतो, तर्कास जागा उरत नाहीं. त्या तोडीचा पुरावा पुढें येईपर्यंत विजयदुर्गाची भिंत ‘अज्ञातकर्तृक’ म्हणूनच नोंदावी. यांत महाराजांस उणेपणा नाहीं. १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घालणाऱ्याची सागरदृष्टि संशयित आधारावर अवलंबून नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, आंगरे व पेशवे यांच्या दप्तरांत विजयदुर्गाकडील जांभा दगड, होड्या वा पाणबुडे यांच्या खर्चाची नोंद आढळल्यास ती मूळ पाठासह प्रसिद्ध करावी. असा एक अस्सल कागद दहा व्याख्यानांहून अधिक मोलाचा ठरेल.