साठीनंतरची पहिली कादंबरी

मोशे राबेनू फारोपुढे उभे राहिले तेव्हा ऐंशी वर्षांचे होते आणि अहरोन त्र्याऐंशी, असे तोरा सांगते. त्याआधी मोशे राबेनूंचे काम मेंढरे राखण्याचे. तेव्हा ‘आता या वयात काय नवीन करायचे?’ हे बोलणे निदान आपल्या तोंडी शोभत नाही. तरी लिहिण्याचा विषय निघाला की तेच ऐकू येते. म्हणून आज इंग्लंडमधील पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीविषयी लिहीत आहे.

बाईंचा जन्म १९१६ चा. युद्धकाळात त्यांनी बीबीसीत नोकरी केली, पुढे समुद्रकाठच्या साउथवोल्ड गावी पुस्तकांच्या दुकानात काम केले आणि मग बरीच वर्षे लंडनमध्ये शिक्षिका होत्या. तीन मुले, आणि घरात पैशाची कायम ओढाताण. पहिली कादंबरी ‘द गोल्डन चाइल्ड’ १९७७ साली निघाली तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. आजारी पतीचे मन रमावे म्हणून ती लिहायला घेतली होती. छापून येण्याआधीच ते वारले. दोनच वर्षांनी ‘ऑफशोअर’ला बुकर पारितोषिक मिळाले. त्या वर्षीच्या यादीत व्ही. एस. नायपॉल यांचीही कादंबरी होती, त्यामुळे पुष्कळांच्या भुवया उंचावल्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाईंचे वडील ‘पंच’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादक होते आणि त्या स्वतः ऑक्सफर्डला शिकलेल्या. कोणीही उठावे आणि बुकर मिळवावे, असा धडा या उदाहरणातून काढता येणार नाही. धडा निराळा आहे, आणि तो पुस्तकातच सापडतो.

१९६० च्या सुमारास हे कुटुंब लंडनच्या थेम्स नदीत नांगरलेल्या एका जुन्या पडावावर राहत असे. पडावाचे नाव ‘ग्रेस’. तो बुडाला आणि त्याबरोबर घरातली पुस्तके, कागदपत्रे गेली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि त्यात बुडालेल्या पोथ्यांची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या माणसांना हे दुःख समजावून सांगायला नको.

कादंबरीतही ‘ग्रेस’ नावाचा पडाव आहे. त्यावर नेना ही बाई मार्था आणि टिल्डा या दोन मुलींसह राहते. पण ‘ग्रेस’च्या बुडण्याची हकिकत वाचायला मिळेल म्हणून आपण पाने उलटावीत, तर बुडतो तो शेजारचा ‘ड्रेडनॉट’. त्याचा मालक विलिस हा पासष्ट वर्षांचा चित्रकार. पडाव गळका आहे हे लपवून तो विकायची त्याची धडपड चालते. गिऱ्हाईक आले तर ते ओहोटीलाच यावे, एवढीच त्याची इच्छा! पडाव जातो, विलिस वाचतो. तसेच नवऱ्याचे. प्रत्यक्षात बाईंचे पती पडावावर कुटुंबासोबत होते. कादंबरीतला एडवर्ड तिथे पाऊल टाकायलाच तयार नाही.

मला पुस्तकाचे मोल इथे वाटते. बाईंनी आपले दुःख उचलून एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या ओंजळीत ठेवले. त्यामुळे कोठेही रडगाणे नाही, उलट आपण हसतो आणि हसता हसता पोटात कालवते. आपल्याकडे आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात: कोकणातले गाव, तेलाचा घाणा, मुंबईची नोकरी, अलिया. पण घरातले कडू आले की लेखणी थांबते, कारण नातेवाईक वाचतील. कादंबरीत ते कडू दुसऱ्याच्या नावावर टाकून खरे सांगता येते.

आणखी एक गंमत. ओहोटीला मुली चिखलात उतरून जुन्या फरशा शोधतात आणि दुकानात विकतात. त्या फरशा विल्यम डी मॉर्गन या कुंभारकलावंताच्या. याच डी मॉर्गन यांनी आयुष्यभर भट्टी सांभाळल्यावर १९०६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पहिली कादंबरी प्रसिद्ध केली आणि ती खूप खपली!

दोषही सांगतो. व्हिएन्नाचा तरुण पाहुणा हाइनरिख येतो तो भाग ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. शेवट तर इतका अचानक की माझ्या प्रतीतली पाने गळाली की काय, असे वाटले. सगळे जुळून येऊन शेवट गोड व्हावा अशी ज्यांची अपेक्षा, त्यांची निराशा होईल. पुस्तक मात्र लहान आहे. चष्मा लावून चार दिवसांत संपते.

आपल्यातही उदाहरण आहे. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड चित्रकार आणि कलासमीक्षक. त्यांची पहिली कादंबरी ‘द वॉल्ड सिटी’ १९९७ साली, पन्नाशीनंतर आली. पुढे ‘बुक ऑफ रेचेल’ला साहित्य अकादमीचा २०१० चा पुरस्कार मिळाला. कोकणातले सिनेगॉग वाचवू पाहणारी एकटी वृद्ध रेचेल तीत भेटते.

रेल्वेत, टपालखात्यात किंवा दिमोनाच्या गिरणीत उमेद घालवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘ऑफशोअर’ जरूर वाचावी. इंग्रजी जड वाटल्यास नातवंडांकडून वाचून घ्यावी. आणि मग आठवणींची जी वही अर्धवट राहिली आहे ती उघडून, ‘मी’ खोडून तिथे दुसरे एखादे नाव घालून पाहावे.